ही वाट गडावर जाते ना?

हल्ली कुणी ट्रेकला निघालं की मला फोन येतो. पूर्वीही यायचा. पूर्वी विचारायचे, "वाट कशी आहे?" आता विचारतात, "ट्रॅक आहे का?" ट्रॅक म्हणजे आधी कुणीतरी चालून गेलेल्याच्या फोनने आखून ठेवलेली रेघ. ती आपल्या फोनात घ्यायची आणि आपला निळा ठिपका त्या रेघेवर ठेवत चालत राहायचं. गावाबाहेर गाडी लावली की सुरू. परत आल्यावर पुन्हा फोन येतो, "एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही!" हे अगदी कौतुकाने सांगतात. ह्यात कौतुक काय ते मला अजून कळलेलं नाही.

गैरसमज नको. मी काही फोनचा शत्रू नाही. माझ्याही फोनात नकाशे असतात आणि सॅकमध्ये पॉवर बँक असते. आम्ही सुरुवात केली तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारी नकाशे असायचे (२ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि दर २० मीटर उंचीला एक रेषा), आणि आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा'. त्या पुस्तकाची पानं सुटी झाली, मग ती सुटी पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली. नकाशाचा उपयोग ज्याला माहीत आहे तो नकाशाला नावं ठेवणार नाही. पण नकाशा सोबत असला तरी आम्ही गावात शिरून विचारत होतो. आता ते विचारणंच सुटत चाललंय, आणि माझ्या मते सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाने ज्या गोष्टी शिकायला हव्यात त्यांत ही पहिली आहे. बूट कुठले घ्यावेत, सॅक किती लिटरची, ह्यावर सगळे भरभरून बोलतात. वाट विचारावी कशी, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

मुळात आपल्याकडच्या वाटा ट्रेकरसाठी कुणी केलेल्याच नाहीत. बाहेरच्या देशांत दगडांवर रंगाचे पट्टे मारलेले असतात, फाट्या-फाट्यावर पाट्या असतात. आपल्याकडे कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. राजगड, लोहगड तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत, तिथे सुट्टीच्या दिवशी वाट चुकायची म्हटली तरी चुकता येत नाही, पुढच्याची सॅक बघत चालायचं. अशी ठिकाणं सोडली की बाकीचा सगळा सह्याद्री गावकऱ्यांच्या कामाच्या वाटांवर उभा आहे. गुरं चारायला नेण्याची वाट, सरपणाची वाट, पाण्यावर जाण्याची, देवाला जाण्याची, घाटाखालच्या बाजाराला जाण्याची. गडाची वाट म्हणून आपण जी धरतो ती बहुतेकदा ह्यांतल्याच दोन-तीन वाटांचे तुकडे जोडून झालेली असते. ढोरवाट सुरुवातीला इतकी रुंद असते की हीच ती असं वाटतं. पाऊण तासाने ती एखाद्या गवताळ टेपावर जाऊन विस्कटते. गुरांचं काम तिथे संपलेलं असतं, आपलं नसतं.

अशी कामाची वाट बदलत राहते. पावसाळ्यात एखादी दरड येते, लोक दुसऱ्या अंगाने जायला लागतात. कुणी कुंपण घालतं. एखाद्या पाड्यावरची गुरं विकली जातात आणि तिथली वाट दोन वर्षांत कारवीत बुडते. (कारवी सात वर्षांनी फुलते तेव्हा आपण फोटो काढायला पळतो, पण मधल्या सहा वर्षांत तीच कारवी वाटा गिळत असते.) फोनमधली रेघ ह्यातलं काहीच सांगत नाही. ती जानेवारीतल्या कुणाची तरी असते आणि आपण ऑक्टोबरात डोक्याएवढ्या गवतात उभे असतो. शिवाय नाळेत, दोन्ही बाजूंना कडे असताना, उपग्रहाचे संदेश कड्यांवर आपटून येतात आणि ठिपका सरकतो. मोकळ्या पठारावर चाळीस-पन्नास पावलं इकडची तिकडे झाली तर काही बिघडत नाही. कड्याच्या काठावर बिघडतं. आणि आणखी एक, ती रेघ ज्याने आखली तो स्वतः तिथे चुकला होता का, हे रेघ सांगत नाही. चुकून उतरलेल्या घळीची रेघही बरोबर वाटेच्या रेघेइतकीच सुरेख दिसते.

मुळशीच्या बाजूला एका पठाराच्या टोकाशी मला चार मुलं भेटली होती. चांगली तयारीची होती, पाणी भरपूर, टॉर्च, दोरसुद्धा. ती फोनकडे बघत काठावर वीस मिनिटं घुटमळत होती, कारण रेघ खाली उतरत होती आणि तिथे उतरायला काहीच नव्हतं. तिथून हाकेवर एक आजी सरपणाची मोळी बांधत बसली होती. त्यांनी तिला पाहिलं होतं, पण तिला विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं. मी जाऊन विचारलं. आजी म्हणाली, "त्या वाटंनं आता कुनी जात न्हाई बाबा. दरड आल्यापासनं आमी वरल्या अंगानं उतारतो." आणि हातातल्या कोयत्याने तिने दाखवलं. नवी वाट त्या मुलांच्या पाठीमागे होती.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येतो. "ही वाट गडावर जाते ना?" शहरातून आलेला माणूस हमखास असाच विचारतो. आणि उत्तर हमखास येतं, "हा, जाती की!" त्यात गावकऱ्याची लबाडी नसते. एक तर पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं त्याला जड जातं. दुसरं म्हणजे त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. त्याला सगळ्याच वाटांनी गडावर जाता येतं. तेव्हा हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न रानात कधी विचारू नये. "गडावर कुठनं जायचं?" असं विचारावं आणि गप्प राहावं. त्याला हात करू द्यावा.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. "मामा, नवीन माणूस कुठं चुकतो?" हे विचारलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. इतका वेळ तो आपली बोळवण करत असतो, आता तो खरंच विचार करायला लागतो. हातातलं काम खाली ठेवतो. "पयला वढा लागंल, तो सोडायचा. फुडं आंब्यापाशी दोन वाटा फुटत्यात, वरली धरा. खालची पाण्यावं जाती, तितंच समदी चुकत्यात." एवढं वाक्य मिळालं की अर्धा ट्रेक झाला. ते त्याच्यासमोर एकदा आपल्या तोंडाने म्हणून दाखवावं. तो दुरुस्त करतो. डावी-उजवी मात्र त्याच्या तोंडी घालायला जाऊ नये. त्याचं तोंड आपल्याकडे असतं आणि आपलं डोंगराकडे, त्याची डावी ती आपली उजवी. त्याची भाषा वरलं अंग, खालचं अंग, उगवतीकडं, मावळतीकडं अशी असते, आणि ती डोंगरात आपल्या डाव्या-उजव्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

अंतर विचारण्यात अर्थ नाही. "आलंच की", "हितं तर हाय" ही उत्तरं सगळ्यांनी ऐकली आहेत आणि त्यांवरचे विनोदही. पण विनोद करण्याऐवजी प्रश्न बदलावा. "तुम्हाला किती वेळ लागतो?" ह्याचं उत्तर बहुधा खरं येतं. त्याची दुप्पट करावी. पाठीवर मुक्कामाची सॅक असेल, बरोबर नवखे असतील आणि नाळेतून उतरायचं असेल तर तिप्पट. हे गणित करून पाहिलं की पुष्कळदा लक्षात येतं की आपण दोन तास उशिरा निघालोय. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दाट झाडीच्या नाळेत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. दगडधोंड्यांच्या उतारावर टॉर्चच्या उजेडात तासाला किती उतरता येतं, हे ज्याने केलंय त्याला विचारा.

"वाट सोपी आहे का?" हाही तसाच फुकटचा प्रश्न. त्याच्यासाठी सोपीच असते. त्याऐवजी विचारावं, "बाया डोक्यावर भारा घेऊन येतात का ह्या वाटेनं?" येत असतील तर डोळे मिटून जावं (म्हणजे अगदी मिटून नव्हे). "ढोरं जातात का?" जात असतील तर मध्ये कातळटप्पा नाही, चढ बेताचा आहे. "गडी मानूस जातो" असं उत्तर आलं तर हात टेकायची जागा आहे, दोर बरोबर असावा आणि लहान मुलं नसावीत. "पूर्वी जायचे" असं उत्तर आलं तर त्याच्यासारखा माणूस बरोबर घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

पाण्याचंही तेच. गडावर टाकं आहे का, असं विचारलं तर आहेच. टाकी कुठे जाणार आहेत? त्यांत पाणी आत्ता आहे का आणि तुम्ही ते पिता का, हे दोन प्रश्न निराळे विचारावे लागतात. मार्चनंतर ह्या दोन्हींची उत्तरं "हो" आली तरी माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यावं. कुणी हसलं तर हसू द्यावं.

विचारायचं कुणाला, हेही आहेच. रस्त्याकडेच्या टपरीवर मोबाइल बघत बसलेल्या पोराला विचारून उपयोग नसतो. तो पुण्याला कंपनीत असतो, सुट्टीला आलेला असतो, आणि डोंगरात आपल्याइतकाही गेलेला नसतो. म्हातारे लोक जुन्या वाटा सांगतात, गोष्टींसकट सांगतात, त्या ऐकण्यासारख्या असतात. पण त्यांनी ती वाट वीस वर्षांत पाहिलेली नसते. आज काय स्थिती आहे ते गुराख्याला ठाऊक असतं. त्याच्याहीपेक्षा सरपणाला जाणाऱ्या बायकांना, कारण त्या रोज जातात आणि ओझं घेऊन परततात. कोकणाच्या अंगाला कातकरी आणि ठाकरवाड्यांवर मध काढणारी माणसं असतात, त्यांना कड्याची चीर न् चीर माहीत असते. आग्या मोहोळ कुठे आहे हे त्यांनाच विचारावं, आणि त्यांनी "तिकडं धूर करू नका" म्हटलं तर निमूटपणे चहाचा बेत पुढे ढकलावा. अत्तरं, सुवासाचे फवारे घरीच ठेवावेत. पोळं उठलं की पळायला वाट लागते आणि कड्याच्या वाटेवर पळता येत नाही.

मुक्कामी एसटीने गेलं तर ह्यातलं निम्मं काम गाडीतच होतं. संध्याकाळी शेवटच्या गावाला जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ती गाडी. तिच्यात तालुक्याचा बाजार करून परतणारं सगळं गाव बसलेलं असतं. "कुटनं आला पाव्हणं?" पासून सुरुवात होते, आणि उतरेपर्यंत रात्री कुठे टेकायचं, सकाळी कोण रानात जाणार आहे, कुणाच्या सोबतीने जावं, हे सगळं ठरलेलं असतं. कंडक्टर हा त्या खोऱ्याचा चालता-बोलता नकाशा असतो. स्वतःच्या गाडीने गेलेल्याला हे काही मिळत नाही. काच खाली करून "ओ काका, किल्ल्याला कसं जायचं?" असं विचारणाऱ्याला उत्तरही काचेएवढंच मिळतं. उतरावं, राम राम म्हणावं, ओट्यावर बसायला सांगितलं तर बसावं, पाणी दिलं तर प्यावं. कॅमेरा लगेच काढू नये. दहा मिनिटं जातात. ती ट्रेकच्या वेळापत्रकात धरायला हवीत, जशी जेवणाची धरतो.

हे सगळं मी सोयीसाठी सांगतोय असं वाटेल. सोय आहेच. पण माझ्या मनातली गोष्ट निराळी आहे. ह्या वाटा मरताहेत.

वाट मरते म्हणजे काय हे समजायला नाणेघाट बघा. जुन्नर आणि कोकणातली बंदरं जोडणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी मार्ग, गुहेत सातवाहनांचा शिलालेख, माथ्यावर तो दगडी रांजण. तो घाट अजून जिवंत आहे, कारण त्याला इतिहास आहे आणि वैशाखऱ्याच्या बाजूने आजही लोक चढतात. पण तशा घाटवाटा सह्याद्रीत कितीतरी होत्या, ज्यांना ना शिलालेख ना रांजण. बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला आणि १८६३ साली रेल्वे धावली, तेव्हापासून एकेका वाटेवरची माणसं उतरणं कमी होत गेलं. तरी गावं चालतच होती. मीठ खालून वर यायचं, धान्य वरून खाली जायचं, लेकी वर-खाली दिलेल्या असायच्या. मोहरी-सिंगापूरच्या माणसाला लिंगाण्याखालच्या दापोलीला जायला सिंगापूरची नाळ हीच सडक होती. आता खालच्या सोयऱ्याकडे जायला माणूस मोटरसायकल काढतो आणि शंभर किलोमीटरचा वळसा घालून जातो. त्याला कोण नावं ठेवणार? आजारी माणसाला झोळीत घालून नाळेतून उतरवण्यापेक्षा रस्ता केव्हाही बरा. गावात रस्ता येऊ नये, म्हणजे आपला ट्रेक "अनटच्ड" राहील, असं म्हणणारे ट्रेकर मी पाहिलेत. त्यांना महिनाभर तिथे राहायला पाठवावं, शक्यतो पावसाळ्यात.

पण रस्ता आला आणि पायवाटेचं काम संपलं, हे खरंच आहे. चाळिशीच्या आतल्या गावकऱ्याला सगळ्या नाळा ठाऊक नसतात. साठीच्या वरच्याला असतात. म्हणजे हिशेब सरळ आहे. ज्यांच्या पायांत ह्या वाटा आहेत ती माणसं अजून दहा-पंधरा वर्षं डोंगरात जातील. त्यांच्यामागून त्यांचा मुलगा किंवा पुतण्या कशाला शिकेल? शिकण्यात काही मिळकत असेल तरच शिकेल. आणि आजच्या घडीला त्या वाटांनी जाणारं, त्या माहितीचे पैसे देऊ शकणारं एकच गिऱ्हाईक उरलंय, ते म्हणजे आपण. आपण जर रेघ घेऊन गावाला वळसा घालून जाणार असू, तर ती माहिती त्यांच्याबरोबर जाईल. रेघ आपल्याकडे राहील. पुढे दरड आली की तिचाही उपयोग नाही, आणि नवी वाट शोधणारं वर कुणी नसेल.

ह्यावर एक मित्र म्हणाला, "अरे, पण वाटाड्या घेतला की शोधण्यातली मजा जाते." मजा जाते हे कबूल. स्वतः नकाशा वाचून वाट काढण्याचा आनंद मोठा आहे आणि तो मी सोडलेला नाही. ज्या गडावर ठळक वाट आहे, जिथून चुकल्यास सुखरूप मागे फिरता येतं, तिथे जरूर शोधावी. उतरायच्या नाळेचं तसं नसतं. चुकीच्या घळीत दोन-तीन टप्पे सरकून उतरलं की पुढे कडा लागतो आणि मागे चढता येत नाही. तिथे मजेचा प्रश्न उरत नाही. दुसरा मित्र म्हणतो, "हे लोक आता पैसे फार मागायला लागलेत." ह्यावर मात्र मला राग येतो. शनिवारी हॉटेलात चौघांचं जेवण जेवढ्याला पडतं, तेवढ्यात एक माणूस दिवसभर आपल्या जिवाची जबाबदारी घेतो. शहरात गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला दिवसाची जी मजुरी मिळते त्याहून कमी मी वाटाड्याला कधी देत नाही. अवघड वाट असेल तर बरंच जास्त. आकडा निघण्याआधी ठरवावा आणि एकदा ठरला की घासाघीस करू नये. आणि पैसे त्याच्याच हातात द्यावेत. मोठमोठे गट शहरातून बसेस भरून आणणाऱ्यांकडून माणशी काय घेतलं जातं आणि त्यातलं गावातल्या वाटाड्याच्या हातात काय पडतं, हे मी एकदा एका वाटाड्याला विचारलं होतं. त्याने सांगितलेला आकडा इथे लिहीत नाही.

वाटाड्याचंही स्वतःचं वर्ष असतं, हे आपल्याला आठवत नाही. जून-जुलैत भातलावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी-झोडणी. तेव्हा तो आला तर रोज बुडवून येतो, आणि नाही आला तर त्याला माज आलेला नसतो. तसंही पावसाळ्यात नाळांच्या वाटेला जाऊच नये. वर पाऊस पडला की नाळ म्हणजे ओढा, आणि तो दगड घेऊन येतो.

एक काम तर पैशांशिवायही होतं. निघताना गावात एका तरी घरी सांगून जावं की आम्ही इतकेजण, ह्या वाटेनं चाललोय, अमुक गावात उतरणार, संध्याकाळपर्यंत पोचतो. फोन नंबर लिहून द्यावा. पोचल्यावर कळवावं. डोंगरात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, ११२ लावायलाही लागत नाही. पाय मोडून कुणी नाळेत बसलं तर पहिला शोध घ्यायला जाणार कोण? लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्था आहेत, आपली कामंधंदे टाकून धावून येणारे स्वयंसेवक आहेत, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण निरोप मिळून ते पोचेपर्यंत काही तास जातातच. त्याआधी पोचतो तो गावकरी, हातात बांबू आणि घोंगडी घेऊन. त्या वेळी तो विचारत नाही की तुम्ही सकाळी माझ्या दारावरून न बोलता का गेलात. पण तुम्ही कुठल्या नाळेत उतरलात हे त्याला माहीत नसेल, तर तो चार नाळा पालथ्या घालत बसतो आणि रात्र होते. सकाळचं ते दोन मिनिटांचं बोलणं इथे कामाला येतं.

तेव्हा ह्या हिवाळ्यात सिंगापूरच्या नाळेने किंवा तशाच एखाद्या घाटवाटेने जायचा विचार असेल, तर भातं घरात येऊ द्या. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून बसलेलं असतं, वाट दिसते. आदल्या संध्याकाळी गावात जाऊन राहा, रात्रीच माणूस ठरवा आणि उजाडताना निघा. आणि एक लक्षात ठेवा, जे हमखास विसरतं. खाली उतरून आपण एसटीला किंवा जीपला हात करतो आणि आपला ट्रेक संपतो. वाटाड्याचा संपलेला नसतो. त्याला तीच नाळ चढून घरी जायचं असतं. खाली पोचल्यावर आधी त्याला जेवू घाला, पाण्याची बाटली भरून द्या, तुमच्यातला एखादा चांगला टॉर्च द्या, आणि तीन वाजायच्या आत मोकळा करा. उशीर झालाच तर त्याच्या राहण्याची किंवा वळशाच्या गाडीची सोय तुमच्या खर्चाने करा, आणि तो घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत जागे राहा.